अथ ‘कशाला’मीमांसा

पानिपतावर आपल्याकडे कपाटं भरून पुस्तकं आहेत. मोडी दप्तरांवर आहेत, लावणीवर आहेत, मिसळीवरसुद्धा आता लोक तासभर व्याख्यान देतात. पण मराठी माणसापुढे कोणी काही धरलं, मग ती साडी असो, स्तुती असो की बसमधली जागा, की त्याच्या तोंडून जो पहिला शब्द बाहेर पडतो, त्या ‘कशाला’वर एकही प्रबंध प्रस्तुत लेखिकेच्या पाहण्यात नाही. ही उणीव भरून काढण्याचा हा अल्पसा प्रयत्न. (‘अल्पसा’ लिहायची गरज नव्हती. ते का लिहिलं गेलं, हे पुढे येईलच.)

आधी व्याकरण. ‘कशाला’ हे ‘काय’ या सर्वनामाचं चतुर्थीचं रूप. चतुर्थीचा कारकार्थ संप्रदान, म्हणजे ज्याला दान द्यायचं तो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं. तेव्हापासून किती पिढ्यांनी विभक्तीचे तक्ते घोकले असतील, पण यातली गंमत मला तरी कोणत्या बाईंनी वर्गात सांगितली नाही. जी विभक्ती घेणाऱ्यासाठी राखून ठेवलेली आहे, तीच वापरून आपण घ्यायला नकार देतो.

शिवाय हा प्रश्न दिसतो प्रश्नासारखा, पण त्याला उत्तर चालत नाही. ‘अहो, कशाला आणलंत?’ याला ‘तुमची पंचाहत्तरी आहे म्हणून’ असं सरळ उत्तर एखाद्याने दिलं, तर बैठकीत सगळे पंख्याकडे बघू लागतात. शिष्टसंमत उत्तर एकच: ‘असू दे हो.’ त्यावर, ‘नाही, पण उगाच कशाला.’ त्यावर, ‘फार काही नाही, आपलं असंच.’ घेणारा म्हणतो मला नको, देणारा म्हणतो हे काही नाहीच. दोन्हीकडून घासून घासून ती वस्तू इतकी झिजते की शेवटी जे काही उरतं ते घ्यायला कोणाची हरकत राहत नाही.

तेही हातात घ्यायचं नाही. ‘ठेवा तिथे.’ इथे टीपॉय या फर्निचराचं खरं कार्य कळतं. देणाऱ्याने टीपॉयला दिलं आणि टीपॉयने आपल्याला. पाहुणे असेपर्यंत पुडक्याकडे बघायचंसुद्धा नाही. ते गेल्यावर जिन्यातली पावलं थांबेपर्यंत दम धरायचा आणि मग कात्री शोधायची. पाश्चात्त्य लोक देणाऱ्यासमोर कागद टराटरा फाडतात आणि किंचाळतात, हे आपण सिनेमात पाहिलेलं आहे. आपल्याकडे असं कोणी केलं तर देणाराच ओशाळेल.

या सगळ्यात कायद्याची बाजू कोणी पाहिलेली दिसत नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम १२२. बक्षीस पुरं होण्यासाठी ते घेणाऱ्याने स्वीकारावं लागतं आणि देणारा हयात असताना स्वीकारावं लागतं. स्वीकारण्याआधीच घेणाऱ्याने डोळे मिटले तर बक्षीस रद्द. इंग्रजांनी हे कलम लिहिताना मराठी घरात पाऊल टाकलेलं नसणार. स्वीकार नक्की कितव्या ‘कशाला’ला झाला? तिसऱ्या नकाराचा सूर पडतो, तो स्वीकार धरायचा का? ‘ठेवा तिथे’ म्हणणं म्हणजे ताबा घेणं की टीपॉयकडे अनामत? माझ्या चुलत आजोबांना एका स्नेह्याने शाल दिली होती. ‘अहो, कशाला एवढी भारीची,’ म्हणत त्यांनी ती खोक्यासकट कपाटात ठेवली आणि अकरा वर्षं पांघरली नाही. आधी स्नेही गेले, मग आजोबा गेले. खोकं उघडलं तेव्हा शालीला कसर लागलेली होती. ती शाल कायद्याने कोणाची होती, हे मी एका वकील मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, कसरीची.

मार्सेल मॉस या फ्रेंच पंडिताने १९२५ मध्ये भेटवस्तूंवर एक निबंध लिहिला आणि तो पुढे जगभर गाजला. पॉलिनेशिया, मेलानेशिया, वायव्य अमेरिका असे सगळे समाज धुंडाळून त्याने दाखवलं की भेट ही कधीच फुकट नसते. तिच्यामागे तीन बंधनं असतात: द्यायचं बंधन, घ्यायचं बंधन आणि परत करायचं बंधन. आपल्या धर्मशास्त्रातल्या दानाचीही त्याने दखल घेतली. पण तो महाराष्ट्रात आला नाही, त्यामुळे चौथं बंधन त्याच्या हातून निसटलं: पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये येणारं, आधी नाकारायचं बंधन.

आणि परतफेडीच्या बाबतीत तो फारच ढोबळ राहिला. आमच्या घरी एक लाल कापडी बांधणीची आहेराची वही होती. आईबाबांच्या लग्नात कोणी किती घातले याची. कोणाच्या मुलाचं लग्न निघालं की ती वही माळ्यावरून खाली यायची आणि आई बोटाने ओळी खाली-खाली सरकवत म्हणायची, ‘यांचे अकरा आहेत.’ मग अकराचे आजचे किती, हा हिशेब बाबा चहाच्या कपाबरोबर करत. महागाई निर्देशांक काढणाऱ्या सरकारी खात्याला ते काम आमच्या बाबांकडे बिनधास्त सोपवता आलं असतं. हल्ली पत्रिकेवर ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ असं छापलेलं असतं. तरी प्रत्येक जण खिशात पाकीट घेऊन जातो, एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं, आणि पाकीट खरंच घेत नाहीत असं दिसलं की त्याचा चेहरा पडतो. जेवणाला बसताना तो मनाशी म्हणत असतो, आता हे कुठे फेडायचं?

स्टीलच्या भांड्यांचा काळ या दृष्टीने सुवर्णकाळ होता. बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात एक माणूस कानठळ्या बसवणारं छोटं यंत्र घेऊन बसलेला असे. तो तुमच्यासमोर पातेल्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून द्यायचा. ‘चि. सौ. कां. अमुकतमुक हिस सप्रेम’, खाली देणाऱ्याचं नाव, तारीख, गाव. असं भांडं दुसऱ्याच्या लग्नात खपवता येत नाही. ऋण धातूवर कोरलेलं आहे. रोज डाळ शिजवताना ते तुमच्याकडे बघतं. मग चकचकीत कागदात गुंडाळलेला लेमन सेट आला आणि ही व्यवस्था कोसळली. काचेच्या सहा ग्लासांवर नाव घालता येत नाही. त्यामुळे लेमन सेट प्रवासी झाला. आमच्या नात्यात एक लेमन सेट आहे (जग आणि सहा ग्लास, त्यातला एक आता नाही), तो मी चार वेगवेगळ्या घरांच्या वास्तुशांतीला पाहिला आहे. दर वेळी यजमानीणबाई म्हणाल्या, ‘अगंबाई, कशाला!’ आणि चौथ्या वेळी ज्या म्हणाल्या, त्यांनीच तो पहिल्यांदा विकत आणला होता.

आता मुख्य प्रश्न. हे आपण शिकतो कुठे?

माझ्या मते अभ्यासक्रम एकच आणि तो वयाच्या पाचव्या वर्षाच्या आसपास पुरा होतो. प्रसंग असा. मामा निघाले आहेत. चपला घालून झाल्यात, दारात अजून वीस मिनिटांचं बोलणं व्हायचं आहे. मामा शर्टाच्या वरच्या खिशात हात घालतात. मुलाला कळतं, कारण त्या हालचालीचा अभ्यास त्याने बऱ्याच पाहुण्यांवर केलेला असतो. नोट बाहेर येते: ‘घे रे, खाऊला.’ मूल नोटेकडे बघत नाही, आईकडे बघतं. आई तोंडाने म्हणते, ‘दादा, कशाला रे, सवय लागते त्याला.’ डोळ्यांनी काय म्हणते ते मुलाला अजून नीट वाचता येत नाही. ते हात पाठीमागे नेतं आणि म्हणतं, ‘नको.’ इथे सगळे हसतात. ‘बघा, किती गुणी आहे!’ मामा नोट मुठीत कोंबतात. मूल मूठ उघडतं, मामा मिटतात. शेवटी आई म्हणते, ‘बरं घे, मामाचा मान राख. पाया पड.’

या दोन मिनिटांत त्या मुलाला काय काय कळलं बघा. घ्यायची इच्छा दिसू द्यायची नाही. ‘नको’ म्हटल्यावर जास्त मिळतं, शिवाय वर कौतुक मिळतं. आणि घेणं हे घेणाऱ्यासाठी नसून देणाऱ्याचा मान राखण्यासाठी असतं. पुढे ती नोट आई ‘मी ठेवते हं जपून’ म्हणून घेते आणि ती पुन्हा दिसत नाही, हा वेगळ्या संशोधनाचा विषय आहे. माझ्या मावसभावाने एकदाच, वयाच्या सहाव्या वर्षी, पहिल्याच फटक्याला नोट घेतली, ‘थँक्यू’ म्हणाला आणि खिशात घातली. त्या पाहुण्यांनी ती गोष्ट पुढली कित्येक वर्षं सांगितली. तो आज चांगला मोठ्या हुद्द्यावर आहे, पण घराण्यात त्याची ओळख अजून तीच.

नोटेचं जे, तेच कौतुकाचं. फक्त कौतुकाला टीपॉय नसतो. ते थेट अंगावर येतं. अनिता पोमेरान्त्झ या अमेरिकन अभ्यासकबाईंनी १९७८ मध्ये कौतुकाला लोक काय उत्तर देतात यावर एक शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की कौतुक झालेला माणूस कात्रीत सापडतो. बोलणाऱ्याशी सहमत व्हावं हा एक शिष्टाचार, आणि स्वतःची स्तुती करू नये हा दुसरा. ‘हो, छान आहे’ म्हणावं तर दुसरा मोडतो, ‘छे’ म्हणावं तर पहिला. मग लोक कौतुक थोडं खाली उतरवतात किंवा दुसऱ्याच्या नावावर टाकतात. बाईंनी हे इंग्रजी संभाषणांवरून मांडलं. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये त्या एक दिवस बसल्या असत्या तर निबंधाचा ग्रंथ झाला असता.

‘साडी सुंदर आहे गं.’ या विधानाला मी गेल्या श्रावणात नोंदवलेली उत्तरं: जुनीच आहे. बहिणीची आहे. सेलमध्ये घेतली. फोटोत बरी दिसते. जवळून बघ, काठ उसवलाय. यांनी आणली, यांना काय कळतं. आणि एक, ज्याला मी शिरोमणी मानते: ‘अगं, धुवायला सोपी.’ कौतुकाला उत्तर म्हणून आपण वस्तूची किंमत, वय, मालकी, दोष आणि देखभालीच्या सूचना देतो. दुकानदार देत नाही इतकी खरी माहिती फक्त कौतुक केल्यावर मिळते.

यावर पूर्वपक्ष असा की हे सगळं दृष्टीमुळे. ज्याची स्तुती झाली त्याला नजर लागते. म्हणून बाळाला गालावर तीट, म्हणून ‘गुटगुटीत झालाय हो’ म्हणणाऱ्या बाई गेल्या की मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून विस्तवावर टाकायच्या आणि ठसका आला नाही तर समजायचं की दृष्ट जबर होती. तेव्हा ‘काठ उसवलाय’ ही साडीला लावलेली तीट आहे. उपपत्ती देखणी आहे, पण मला पुरती पटत नाही. दृष्टीला भिणारी बाई दुसऱ्यांदा कौतुक व्हावं म्हणून थांबत नाही. आम्ही थांबतो.

दुसरा पूर्वपक्ष विनयाचा. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं मोजताना पहिलं लक्षण अमानित्व, आणि ज्ञानेश्वरीत त्याचं वर्णन असं आहे की अशा माणसाला सन्मान समोर आला की पारध्यांनी घेरलेल्या हरणासारखं होतं. शके १२१२ पासून हा आदर्श आपल्यापुढे आहे. पण हरीण घेरलं की पळतं. आपण दारातच उभे राहतो, मान एका बाजूला करतो आणि म्हणतो, ‘छे हो, माझं कसलं गाणं, आज तर घसा बसलाय.’ समोरच्याने यावर ‘हो, ते जाणवलंच’ म्हटलं तर ते नातं संपलं म्हणून समजावं. खऱ्या अमानी माणसाला त्याने काहीच वाटलं नसतं. थोडक्यात, नाकारलेलं कौतुक आपण फेकून देत नाही, दुप्पट व्याजाने परत मागतो. (या लेखाच्या सुरुवातीचा ‘अल्पसा’ आठवा. एकाही वाचकाने अजून ‘अल्पसा कसला!’ म्हटलेलं नाही, याची नोंद घेतली आहे.)

मग मराठी माणसाला घेताच येत नाही का? तसं नाही. संक्रांतीला तिळगूळ घेताना कोणी ‘कशाला’ म्हटलेलं ऐकलंय? दसऱ्याला आपट्याची पानं हातावर पडली की कोणी ‘उगाच खर्च केलात’ म्हणत नाही. कारण दोघांच्याही हातात डबी असते, दोघांच्याही मुठीत पानं असतात. देणं आणि फिटणं एकाच क्षणी होतं, मध्ये ऋणाला बसायला जागा नसते. हळदीकुंकवाच्या वाणाचं तर आणखी शहाणपणाचं. देणारीच म्हणते, ‘मी यंदा गाळण्या लुटल्या.’ वाण लुटलं जातं. लुटीत कोण कोणाचे आभार मानतो?

आणि वारी. आळंदीहून पालखी निघाली की रस्त्यात माणसं केळी, चहा, भाकरी, पिठलं घेऊन उभी असतात. कोणी पाय चेपून देतं. घेणारा ‘माऊली’ म्हणतो, देणाराही ‘माऊली’ म्हणतो आणि दोघं एकमेकांच्या पायाशी वाकतात. मोठं कोण हे ठरायला उसंतच मिळत नाही. पुण्यात पालखीच्या दिवशी एका मुलाने माझ्याही हातात राजगिऱ्याचा लाडू ठेवला. मी वारकरी नव्हते, पर्स खांद्याला लावून बँकेत निघाले होते. मी तो खाल्ला. ‘कशाला’ शब्द जिभेवर आलाच नाही. असं का झालं याचा मी पुढे बराच काळ विचार केला.

मला वाटतं, अडचण मिंधेपणाची आहे. मिंधा हा शब्द बोलून बघा, मान आपोआप खाली जाते. आपल्या आधीच्या पिढ्यांमध्ये वार लावून जेवून शिकलेली मुलं होती. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. कोणी प्रेमाने वाढायचं, कोणी वाढताना ताक पातळ करायचं. त्यातला ज्याने पुढे घर उभं केलं, त्याने मुलांना सगळ्यात आधी काय शिकवलं असेल, हे सांगायला संशोधक कशाला हवा. भीड ही भिकेची बहीण असं आपली म्हण सांगते, पण या घरांनी भीक इतक्या लांब ठेवली की सोबत मदतही दाराबाहेर राहिली. एसटीत कोणी जड बॅग वर ठेवायला हात पुढे केला की आम्ही ती पोटाशी घट्ट धरतो. चोर समजून नव्हे. ‘नको, राहू दे, मी करते.’ खांदा निखळला तरी चालेल.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं ऑपरेशन करावं लागलं. नवरा रात्री दवाखान्यात, मी दिवसा दवाखान्यात, मधल्या वेळात शाळेचे पेपर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. समोरच्या काकू. हातात तीन खणी डबा. आमच्यात आणि त्यांच्यात पार्किंगवरून आठ महिने बोलणं जेमतेम होतं, हेही सांगितलं पाहिजे. माझ्या तोंडून सवयीने गेलं, ‘काकू, अहो कशाला!’

काकू म्हणाल्या, ‘जेवायला.’

आणि डबा माझ्या हातात दिला. टीपॉयकडे बघितलंसुद्धा नाही.

प्रश्नाला उत्तर मिळालं की काय करायचं, हे मला कोणीच शिकवलेलं नव्हतं. ‘असू दे’ नाही, ‘आपलं असंच’ नाही. शास्त्रात ज्याची सोयच नाही असं उत्तर. मी ‘हो’ म्हटलं, दार लावलं आणि ओट्याशी उभ्याउभ्याच जेवले. वरच्या खणात मेथी होती, मधल्यात वरणभात, खालच्यात पोळ्या, आणि त्यांच्यावर कागदात गुंडाळलेली लसणाची चटणी. मेथीत मीठ थोडं जास्त होतं. दुसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं, ‘मीठ जास्त झालं होतं का गं?’ मी म्हटलं, ‘हो, थोडं.’ त्या म्हणाल्या, ‘वाटलंच मला,’ आणि पुढले नऊ दिवस मीठ बरोबर पडत गेलं.

तेव्हापासून मी एक प्रयोग करते आहे. कोणी साडीला छान म्हटलं की ‘थँक्यू, मलाही आवडते’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. अवघड भाग गप्प बसणं हा आहे. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये जी शांतता झाली, तिच्यात घड्याळाची टिकटिक ऐकू आली. एकीने नंतर बाजूला घेऊन विचारलं, ‘तुला बरं वाटतंय ना?’ दुसरीने तीच साडी आठवड्याने पुन्हा नावाजली, बहुधा चूक सुधारायची संधी द्यावी म्हणून. मी परत ‘थँक्यू’ म्हटलं. आता त्या माझ्याकडे ती बदलली म्हणून बघतात, आणि खरं सांगायचं तर एकदा मोहाने ‘सेलमधली आहे’ असं मी कुजबुजलेही.

डब्याच्या बाबतीत मात्र प्रयोग फसला. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हा नियम माझ्या आईकडूनही आला आणि सासूबाईंकडूनही. काहीच नाही तर चिमूटभर साखर तरी घालायची. मी म्हटलं, या वेळी रिकामाच देऊ, कोणाला तरी कधीतरी देणं राहू द्यावं. सासूबाई तोवर वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत येऊ लागल्या होत्या. त्यांनी बेसनाचे लाडू करायचे ठरवले, मग त्यांना उभं राहवेना, मग दिवाळी आली, मग काकू लेकीकडे नाशिकला गेल्या, मग आल्या. एकदा मी डबा घासून, लाडवांसकट न्यायला म्हणून उचलला, तेव्हा पहिल्यांदा झाकणाच्या काठावर कोरलेलं नाव नीट वाचलं. ते काकूंचं नव्हतं. त्यांच्या सासरचं, माहेरचंही नव्हतं. मी त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘अगं, हा आमचा नाहीच. कोणीतरी आमच्याकडे भरून पाठवला होता, मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा. द्यायचा राहून गेला.’

नाव अर्धं झिजलं आहे. ‘सांगली’ आणि ‘१९६९’ एवढं वाचता येतं.